‘जातो’ म्हणणारा माणूस

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३० जानेवारी २०१७

गोदूवन्सं,

पाया पडते, असं लिहून सुरुवात करणार होते. पण तुम्ही म्हणाल, बघा, पाया पडून जिंकायला बघते. तेव्हा रंभाने लिहिलं आहे, एवढंच समजा.

तुम्ही फोन घेत नाही. काल कोमलच्या फोनवर लावला, तर मागून तुमचा आवाज आला, "तिला सांग, मी घरान नाय." इतक्या मोठ्याने घरात नाही म्हणणारं माणूस घरातच असतं. म्हणून हे पत्र जनीच्या पाटीतून पाठवते आहे. ती तुमच्या आळीतून मासे घेऊन आमच्या कॉलनीत विकायला येते, आणि परतताना तिची पाटी रिकामीच असते. पत्राला कोळंबीचा वास आला तर तो माझा राग समजू नका.

कोमल, हे तुला वाचून दाखवायचं आहे, वन्संना अक्षर लागत नाही. हळू वाच. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी वाचनालयातल्या पुस्तकांवर शिकले, त्यामुळे माझ्या बोलण्यापेक्षा माझं लिहिणं जरा शहाणं असतं. वन्संना त्याचा राग येतो. तशी जागा आली की तू आपल्या भाषेत करून सांग.

तुझ्या सासऱ्यांनी, काशिरामभावजींनी, जनीला विचारलं म्हणे, "सिनेमावरून घर सोडतं काय कोन?" तेव्हा सगळं नीट सांगायला हवं. वन्संनी तिथे, गावच्या भावाच्या घरी, काय सांगितलं असेल याचा मला भरवसा नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत सत्यनारायण असतो. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा येणार होता, पण गाणाऱ्याचा घसा बसला. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या अस्माभाभींची मुलगी फरहा म्हणाली, माझ्याकडे एक कोरियन सिनेमा आहे, हॉलमध्ये पडद्यावर लावू. ती खारघरच्या कॉलेजात जाते आणि कोरियन मालिका बघून बघून त्यांची भाषा शिकली आहे. सेक्रेटरी चारुदत्तसाहेबांनी विचारलं, "फॅमिलीने बघण्यासारखा आहे ना?" ती म्हणाली, "काका, एका फॅमिलीचाच आहे." तसं ते खोटं नव्हतं.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येत होती. ती सगळ्यांना कळावीत म्हणून चारुदत्तसाहेब पूजेचा माईक घेऊन बसले आणि एकेका वाक्याचं मराठी करून सांगू लागले. नवरा बोलला तरी आवाज चारुदत्तसाहेबांचा, म्हातारी बोलली तरी त्यांचाच. मध्येच "पांढरी मारुती कोणाची आहे, गेटसमोरून काढा," हेही त्याच आवाजात. शिवा वॉचमनला अजून वाटतं की त्या सिनेमात मारुती होती.

गोष्ट अशी. डोंगरातलं गाव. एका बाईचा नवरा कोळशाची भट्टी लावायला रानात जातो तो परत येत नाही. गावात धुकं उतरतं आणि धुक्यात हाका ऐकू येतात. जो हाकेला ओ देऊन दार उघडतो, तो सकाळी घरात नसतो. शेजारची म्हातारी बाईला सांगते, धुकं जाईपर्यंत कोणीही हाक मारो, दार उघडू नकोस. मग दोन तास काहीही होत नाही. बाई मुळे धुते. मुळे चिरते. मुळ्यांना मीठ चोळून मडक्यात भरते. एकदा मांजर दाराकडे बघतं, तेवढंच. पण तेव्हा अस्माभाभींनी माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. शेवटी धुक्यातून नवरा येतो. दाराबाहेरून तिला तीन हाका मारतो. ती कडीला हात लावून उभी राहते. उघडत नाही. मग तो बाहेरून एकच काहीतरी बोलतो. चारुदत्तसाहेब माईकवर म्हणाले, "मी जातो." पावलं लांब जातात. सकाळ होते, धुकं जातं, बाई दार उघडते, बाहेर बघते, आणि सिनेमा संपतो. बाहेर काय होतं ते दाखवलंच नाही.

तिथून आपलं भांडण. तुम्ही म्हणालात, "तीन हाका मारल्या ना? भूत तिसरी हाक मारत नाय. तो तिचा घोवच व्हता. ती बाई दगड हाय." तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण मी म्हणाले, "तो ‘जातो’ म्हणाला, ते ऐकलंत ना? जिवंत माणूस घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ मेलेलंच म्हणतं. आणि चुकून जिवंत माणूस म्हणालाच, तर दारातल्याने त्याला तिथल्या तिथे टोकायचं असतं. तेव्हा टोकलं नाही, तर मागाहून दार उघडून काय उपयोग?"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. चारुदत्तसाहेब माईकवर "वा!" म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही उठलात. म्हणालात, "मंग दादूला पन तू दार उघडनार नाय." टाळ्या तिथेच थांबल्या.

वन्संनी माझ्या गेलेल्या नवऱ्याला, स्वतःच्या धाकट्या भावाला, त्या सिनेमात आणायची काही गरज नव्हती. कोमल, हे सासऱ्यांना ऐकू जाईल असं वाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरलीत आणि उंबऱ्यावरून मागे न बघता म्हणालात, "जाते." ‘येते’ नाही. मी टोकणार होते. पण मलाही राग होता, आणि तोंडात टूथपेस्ट होती.

इथे सगळं ठीक आहे. घर शांत आहे. तुमची मिश्रीची डबी फ्रिजवर राहिली. पाठवणार नाही. हवी असेल तर येऊन घ्या.

रंभा

ता. क. भात मात्र अजून दोघींचा शिजतो, हाताच्या सवयीने. उरलेला गेटवरचं कुत्रं खातं. ते तुमच्यापेक्षा कमी बोलतं.


खांदा कॉलनी
७ फेब्रुवारी

गोदूवन्सं,

तुमचा निरोप मिळाला. जनीने पाटी दारात उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि अगदी तुमच्या आवाजात सांगितला: "माझे वाटचा भात कुत्र्याला घालते, आनि मना बोलावते? आधी सांग, माझा भाऊस आला तं दार उघडशील का नाय?" एवढा दमदार निरोप ऐकून खालच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात आल्या, आणि जनीचे सगळे मासे माझ्याच दारात खपले. ती म्हणते, तुम्ही दोघी अशाच भांडत राहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी इथली बातमी ऐका. सोसायटीत आता पक्ष पडले आहेत. तुमचा पक्ष तीन हाकांवाला. माझा पक्ष ‘जातो’वाला. तिसरा मुळेवाला. त्याचा पुढारी आपल्या शेजारचा कुंदन, जो न्हावा शेव्याला क्रेन चालवतो. तो म्हणतो, "यात भूतच नाही. दोन तासांत एक बरणी मुळे भरले. माझी बायको स्वयंपाक करते तो जाऊन बघतो, तिथे जास्त भीती वाटते." त्याच्या बायकोने त्याला आता स्वतःच मुळे चिरायला लावले आहेत. तसाही त्याला बोलायचा हक्क नाही, कारण तो घोरत होता. "मी जातो" ऐकून जागा झाला, त्याला वाटलं चारुदत्तसाहेब घरी निघाले, आणि झोपेतच म्हणाला, "बरं साहेब, या."

पाण्याच्या टाकीसाठी मीटिंग बोलावली होती. टाकी राहिली बाजूला. चारुदत्तसाहेब म्हणाले, "उत्तम कलाकृतीचा शेवट हा प्रेक्षकाने आपापल्या मनात करायचा असतो." अस्माभाभींनी विचारलं, "तो फिर तुम्ही काय केला?" ते म्हणाले, "मी भाषांतरात होतो."

अस्माभाभींचं म्हणणं सगळ्यात सोपं आहे. "बिस्मिल्ला पढायचं आणि दार उघडायचं. भूत असेल तर पळेल, नवरा असेल तर जेवेल." मी म्हणाले, पण ओळखायचं कसं? तर म्हणाल्या, "आमचे ताहेर दोन-दोन वर्षांनी कुवेतहून येतात. दर वेळी पोट वेगळं, मिशी वेगळी. मी तरी कुठे ओळखते? म्हणून काय जिन्यात उभे करू?" तुमच्या पक्षाला त्या दिवशी बरीच माणसं मिळाली.

शिवा वॉचमनचा एकट्याचा पक्ष आहे. तो म्हणतो, नाव आणि फ्लॅट नंबर विचारल्याशिवाय त्या माणसाला दारापर्यंत सोडलाच कसा.

आता तुमचा प्रश्न. तो सिनेमाबाहेरचा आहे आणि मी त्याला उत्तर द्यायला बांधील नाही. तरी सांगते. त्यांनी आयुष्यात मला दाराबाहेरून कधी हाक मारली नाही. एक नाही की तीन नाही. बंदरावरचा मालाचा ट्रेलर उभा करून घरी आले की ते कडीवर किल्ली वाजवायचे. त्यामुळे तुमचा तिसऱ्या हाकेचा नियम आमच्या घराला लागू नाही.

कोमल, यापुढचं एक वाक्य मनात वाच. जिन्यात कोणाची किल्ली वाजली की मी अजून गॅस बारीक करते आणि ऐकत राहते.

आता मोठ्याने. मिश्रीची डबी मी फ्रिजवरून काढून कपाटात ठेवली आहे. फ्रिजवर ती सारखी दिसते.

रंभा


खांदा कॉलनी
१६ फेब्रुवारी

कोमल,

आधी तुझ्याशी बोलते. मनात वाच म्हटलेलं वाक्य तू मोठ्याने वाचलंस. जनी म्हणाली, वन्संनी ते परत एकदा वाचायला लावलं आणि मग उठून परसात गेल्या. तुला रागावणार होते. राहू दे.

गोदूवन्सं,

इथे मोठाच घोळ झाला आहे आणि तो तुमच्यापासून लपवावा असं चार दिवस मनात होतं. पण जनीला कळलंय, म्हणजे तुमच्या आळीला कळलंच असेल.

फरहा शनिवारी खाली आली. म्हणाली, "आंटी, एक सांगू? रागवणार नाही ना?" असं विचारलं की मी आधीच रागावते. ती म्हणाली, "तो नवरा ‘जातो’ असं बोललाच नाही."

मी म्हणाले, "अगं, सगळ्या हॉलने ऐकलं."

"हॉलने चारुदत्त अंकलना ऐकलं. खाली इंग्रजीत तेवढंच होतं. पण कोरियन लोक घरातून निघताना एक शब्द बोलतात, त्यात जाणं पण असतं आणि येणं पण असतं. इंग्रजीत तसा शब्दच नाही."

"मग त्याचं मराठी काय?"

"जाऊन येतो."

मी तांदूळ निवडत होते. ताट तसंच मांडीवर राहिलं. म्हणजे इतक्या लांब, बर्फात, मुळे खाऊन राहणारी माणसं, तीही उंबऱ्यावर आपल्यासारखंच बोलतात. फरहा म्हणाली, "मी त्याच वेळी ओरडून सांगणार होते. पण आंटी, तुम्ही इतकं छान बोललात, टाळ्या पडल्या, मला बोलवेना."

मी तिला चहा पाजून पाठवलं. पण ती हे जिन्यातून वर जाता जाता आणखी तीन घरांत सांगून गेली. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर, पाणीकपातीच्या नोटिशीच्या वर, चारुदत्तसाहेबांच्या सहीने कागद लागला:

"शुद्धिपत्रक. दि. २६ जानेवारी रोजी दाखवलेल्या चित्रपटात ‘मी जातो’ ऐवजी ‘मी जाऊन येतो’ असे वाचावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्याच्याखाली कोणीतरी पेनने लिहिलं, "वाचावे की ऐकावे?" त्याच्याखाली कोणीतरी, "मारुतीचे काय?" आणि सगळ्यात खाली कुंदनच्या अक्षरात, "मुळ्यांबद्दलही दिलगिरी हवी."

तर असं आहे. माझा पक्ष फुटला. सगळे तुमच्याकडे गेले. जिन्यात भेटलं की विचारतात, "मग काय रंभाताई, जिवंत होता ना?" मी अजून हरले म्हटलेलं नाही. मी म्हणते, जाऊन येतो म्हणाला होता, तर दार उघडायची घाई काय होती? येणारच होता. पण हे मलाच पटत नाही, तर त्यांना काय पटणार.

तुम्ही आता तिथे मिरवत असाल, असं मला वाटलं होतं. म्हणून आज जनीला विचारलं, "काय म्हणाल्या वन्सं? खूश असतील." ती म्हणाली, "खूश कशाची गो? आमचा जीव खाल्लान तिनी." तिचा आवाज पडला तशी मी तिला पाणी दिलं. मग तिने सांगितलं की तुम्ही सगळ्या आळीला ‘येते’ म्हणायला लावता. निघालेल्या माणसाचा हात धरून ठेवता. "मी मासं घेऊन निघाली तरी पाटी धरून उभी. ‘येते बोल, मंग सोडते.’ बर्फ पानी झाला पाटीन. काशिरामदादा संडासला निघाला तरी दारान आडवी. ‘येतो बोल.’ तो बोलला, ‘अगो, तिथून कुठं जानार हाय मी?’"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. जनी हसली नाही. म्हणाली, "हसू नको. तो तसाच गेला, नाय बोलला. तं तो परत येईसतवर ती पायरीवर रडत बसली."

मी हातातले बोंबील खाली ठेवले.

वन्सं, मी एक विचारणार होते. आता नको. उद्या लिहिते.

रंभा


खांदा कॉलनी
१७ फेब्रुवारी

कोमल, हे पत्र सगळ्यांसमोर वाचू नकोस. तुम्ही दोघीच बसा. यात मनात वाचायचं काही नाही.

गोदूवन्सं,

ते गेले त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं, आठवतं? मी मोरीत पिंप भरत होते. नळाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी बाहेर आले तेव्हा ते निघून गेले होते आणि दारात तुम्ही होतात. दुपारी बंदराच्या रांगेत, स्टेअरिंगवर डोकं टेकून, त्यांचं हृदय थांबलं. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिले. त्यांना वाटलं डुलकी लागली.

नंतर जो येईल तो तुम्हाला विचारायचा, निघताना काय बोलला? तुम्ही म्हणायचात, "काय नाय. डबा घेतलान." दर वेळी अगदी तेवढंच. मला वाटायचं, दुःखाने जास्त बोलवत नाही.

ते ‘जातो’ म्हणाले होते, हो ना? आणि तुम्ही टोकलं नाहीत. आणि चार वर्षांनी मी सगळ्या हॉलसमोर, टाळ्या घेत सांगितलं की टोकलं नाही तर काय होतं.

आता मी काय सांगते ते ऐका. कोमल, हळू.

रोज त्यांना दारापर्यंत सोडायला मीच जायचे. तुम्ही त्या वेळी आंघोळीला असायचात. आणि ते रोज ‘जातो’ म्हणायचे. लग्न झाल्यापासून रोज. तुमच्यासमोर ‘येतो’ म्हणायचे, कारण लहानपणी यावरूनच तुम्ही त्यांचा कान पिरगाळला होता. कोणता कान ते मला दाखवायचे. माझ्यासमोर मात्र मुद्दाम ‘जातो’. मला चिडवायला. मीही टोकायचे नाही, टोकलं असतं तर त्यांना जास्तच चेव आला असता. मी म्हणायचे, "जा. येताना दही आणा." कधी कोथिंबीर, कधी डोकेदुखीची गोळी. घरात दह्याचं भांडं भरलेलं असलं तरी दही. ‘येताना’ हा शब्द एकदा त्यांच्या कानावर घातला की माझं काम झालं. मग जा कुठे जायचं ते.

‘जातो’ म्हटल्याने माणूस जात असता, तर ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गेले असते. रोज जातो म्हणायचे आणि रोज यायचे. एक दिवस आले नाहीत, तो त्या शब्दाचा दोष नाही. त्यांच्या हृदयाचा होता, आणि डॉक्टर म्हणाले तसा तंबाखूचा. यात तुम्ही कुठेही नाही.

त्या सकाळी ते खाली वाकून बूट चढवत असणार. दाराशी पावलं वाजली. रोज त्या वेळी तिथे मी असते, त्यांना वाटलं मीच आहे. म्हणून ‘जातो’. तुम्ही दिसला असतात तर कान सांभाळून ‘येतो’ म्हणाले असते. वन्सं, तो शब्द माझा होता. चुकून तुमच्या हातात पडला आणि तुम्ही तो इतकी वर्षं निखाऱ्यासारखा धरून बसलात. तो मला द्या. मला तो हवा आहे. मला वाटत होतं, त्या दिवशी माझ्यासाठी काहीच ठेवून गेले नाहीत.

राहिला सिनेमा. मी हरले. जिवंत माणूस ‘जातो’ म्हणतो, माझ्याच घरातला म्हणायचा, आणि हे मला टाळ्या घेतानाही माहीत होतं. उद्या फलकावर मीच माझं शुद्धिपत्रक लावते. त्या बाईने दार उघडायला हवं होतं. निदान आतून ओरडायचं तरी, येताना मीठ आणा, मुळ्यांना कमी पडतंय.

तुम्ही ‘जाते’ म्हणून गेलात तेव्हा माझ्या तोंडात टूथपेस्ट होती. आता नाही.

वन्सं, येताना काशिरामभावजींच्या मळ्यातल्या वालाच्या शेंगा आणा.

रंभा


खांदा कॉलनी
२८ फेब्रुवारी

कोमल,

हे पत्र तुझं तूच वाच, तुला आता कोणाला ऐकवायचं नाही. वन्सं पोचल्या.

पोचल्या म्हणजे आधी गेटवर अडकल्या. शिवाने नाव आणि फ्लॅट नंबर विचारला. तो सध्या तत्त्वाने वागतो. "मना वलखत नाय रं तू? इतके वर्सांशी भाकरी खातस माझे हातची!" हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं, त्यामुळे त्या वर येईपर्यंत सगळी दारं उघडी होती. फक्त माझं बंद होतं.

दार वाजलं. "रंभे!" मी कडीला हात लावून उभी राहिले. "रंभे गो!" मी उभीच. मला हसू येत होतं. वरून अस्माभाभी ओरडल्या, "भाभी, बिस्मिल्ला पढो और खोल दो!" मी आतून म्हणाले, "तिसरी हाक झाल्याशिवाय नाही. नियम वन्संचाच आहे."

तिसरी हाक मी इथे लिहीत नाही. तुझं लग्न नवीन आहे. पण ती कोणत्याही भुताला सुचली नसती, म्हणून मी दार उघडलं.

आत येऊन म्हणाल्या, "मिश्री न्यायला आलंय. ऱ्हायला नाय." हातात पिशवी भरून वालाच्या शेंगा आणि पाठीशी कपड्यांचं गाठोडं. मी डबी काढून दिली. त्यांनी ती उघडून बघितली, परत झाकली आणि जिथे असायची तिथे, फ्रिजवर, ठेवून दिली.

दोघी शेंगा सोलत बसलो. अर्धी पिशवी सोलून झाल्यावर त्यांनी खाली बघूनच विचारलं, "आनायचा काय गो तो दही?"

मी म्हणाले, "कधीतरी. जास्त करून विसरायचे."

"लहानपनापासूनच तसा हाय," त्या म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसलं. मग दोघींचा भात शिजला आणि संपला. कुत्रं गेटवरून अजून माझ्याकडे रागाने बघतं.

सिनेमा परत लावायचा ठरला आहे, होळीच्या आधीच्या रविवारी. मागणी वन्संचीच. त्यांना शेवटाचं काही नाही, त्या मडक्यातल्या मुळ्यांना किती मीठ लावलं ते नीट बघायचं आहे. चारुदत्तसाहेब माईकचा सराव करतात. या वेळी फरहा शेजारी बसून त्यांना तपासणार आहे, त्यामुळे ते जरा घाबरले आहेत. सिनेमाने कोणीतरी घाबरलं, एवढं तरी झालं, असं कुंदन म्हणतो.

आता तुला मुद्दाम पत्र लिहायला बसले ते यासाठी. आज सकाळी जनी आली. मासे दिले, चहा घेतला, तुझ्या सासऱ्यांची खुशाली सांगितली. ते आता कोणाला न सांगता मोकळेपणाने बाहेर जातात म्हणे. मग तिने पाटी डोक्यावर चढवली, उंबऱ्यावर थांबली, वन्संकडे टक लावून बघितलं आणि मुद्दाम म्हणाली, "जाते गो मी."

मी विळीवरचा हात थांबवला. वन्सं अर्ध्या उठल्या. त्यांचं तोंड उघडलं, हात पाटीकडे गेला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि परत खाली बसल्या.

"जा," म्हणाल्या. "येताना बोंबील आन."

रंभाकाकी